चौथी रिंग

डॉकयार्ड रोडच्या उतारावर माझा बूथ होता,
आत एक माणूस उभा राहील एवढा.
काचेमागे दोरीला चिमट्यांनी कार्डं टांगलेली,
अडीचशेचं, पाचशेचं, हजाराचं,
प्रत्येकावर एक विमान आणि एक हसणारी बाई,
जिचं आखातात कुणीच नसावं.

कार्डावर बत्तीस मिनिटं छापलेली असत.
बत्तीस कधीच मिळत नसत.
लागल्या लागल्या जोडणीचे कापायचे,
मग एकसष्टावा सेकंद म्हणजे अख्खं दुसरं मिनिट.
मी गिऱ्हाइकाला हे सगळं सांगायचो,
धंद्याला शोभणार नाही इतकं सांगायचो :
दोनदा थोडं थोडं नको, एकदाच काय ते बोला.
बोलायचं ते घरून ठरवून या.
आणि 'ऐकू येतंय का' विचारू नका,
ऐकू येत नसेल तर तो काय उत्तर देणार?

रुकय्या परकार हे सगळ्यांत नीट शिकली.
नवरा सलालाला, बंदरात क्रेनवर.
ती रुपयाच्या नाण्यानं कार्ड खरवडायची,
रुपेरी भुगा ओढणीत झेलायची,
माझ्या फरशीवर कण सांडू द्यायची नाही.
बारा आकडे मी दाबायचो.
यंत्रातली बाई शिल्लक सांगायची,
आणि तिकडून उचलला की रुकय्या
वाक्याच्या मधूनच सुरू :
"फी भरली, सुहेलचा दात पडला,
अम्मीच्या डाव्या डोळ्याचं झालं, उजव्याचं ईदनंतर..."
अठ्ठावन्नाव्या सेकंदाला मी काचेवर टिचकी मारायचो.
ती शब्दावरच ठेवायची.
टिचकीखाली काय काय तुटलं
ते माझ्या वहीत नाही.

मग दोघांनी कार्डसुद्धा वाचवायला घेतलं.
घरी बिस्किटी रंगाचा फोन होता, शिवणयंत्रावर.
तो तिकडून वाजवायचा, ती उचलायची नाही.
एक रिंग : ड्युटीवरून आलो.
दोन : पैसे धाडले.
तीन : उद्या बूथवर जा, बोलायचंय.
न उचललेल्या फोनचं बिल येत नाही,
हे तिनं मला माझ्याच गल्ल्यासमोर समजावलं.

आणि एका रात्री चार झाल्या.
पाच.
चारचं काही ठरलेलं नव्हतं.
उचलावा तर त्याचे जातात,
न उचलावा तर
हात रिसीव्हरवर, आणि रिंग
हातातून कोपरापर्यंत चढतेय.
अकरा मोजल्या तिनं. मग थांबली.

साडेदहाला माझं शटर अर्ध्यावर होतं.
खालून वाकून आली,
पोरगा कडेवर, पायांत दोन जोडांच्या दोन चपला.
अडीचशेचं द्या.
नाणं सापडेना. मी किल्लीनं खरवडलं,
घाईत नववा आकडा सोलून निघाला.
एक की सात?
एक दाबला. बाई म्हणाली, चुकीचा.
सात.

या वेळी वाक्याच्या मधून नाही.
रुकय्या म्हणाली, "हॅलो."
मग म्हणाली, "ऐकू येतंय का?"
मग काहीच म्हणाली नाही, नुसती ऐकत होती,
पोरगा वायर चावत होता.
अठ्ठावन्न झाले. माझं बोट काचेपर्यंत गेलं,
आणि मी काचच पुसली.

लोकलचे सुटे देताना तिनं सांगितलं,
रागावली होती की हसत होती, उजेडात नीट दिसलं नाही.
काही झालं नव्हतं.
खोलीतले सगळे जेवायला गेलेले.
"बोलला, एकवरच ठेवणार होतो.
पण घरात वाजत होता ना,
यंत्रावर, खिडकीजवळ.
तू उठली असशील, हात पुसत असशील.
ऐकत राहिलो.
फुकट होतं."

कार्डात दोन मिनिटं उरली होती.
तीस दिवसांत नाही वापरली तर बुडतात, मी म्हणालो.
माहीत आहे, म्हणाली,
आणि कार्ड ओढणीच्या गाठीत बांधून
उतारानं निघून गेली.